मागून कोनी आवाज देत नाई

माहेर माह्यं बोरी अरबच्या अंगाचं. आम्ही तिघी बहिनी, भाऊ नाई, म्हनून बापानं बंडी हाकलाले मलेच शिकवलं. बैलाच्या मागं बसली का पाय लोंबकळत राहत, एवढीशी होती मी तवा. शाळा चवथीलोक, पुढचं वाचनं आपलंआपनच, दुकानाच्या पुडीचे कागद वाचू वाचू. मंग लग्न झालं, पांढरकवड्याच्या पुढं या गावात आली, तं इथंबी कासरा माह्याच हाती. मानूस माहा भोळा, बैल त्याले भेतच नाई. हसा बाई, हसा, तेबी हसत.

कापसानं भरलेली बंडी पाह्यली का तुमी कधी? हाकलनाऱ्याच्या डोक्याच्याबी वर जाते, मागचं काई म्हनता काई दिसत नाई. म्हनून मी पुढं अन् हे मागून पायी. गठ्ठा सरकला, मागून ट्रक आला, का हे वरडत, हो हो, थांबव वं. का मी कासरा ओढे. मागचं मागच्यानं पाहावं, पुढचं पुढच्यानं. पुरा संसार आमचा असाच चालला म्हना ना.

मंग ते बोंडअळीचे वर्सं आले. बोंड फोडलं का आत अळी. फवारा मारा, पुन्हा मारा. हे पाठीवर पंप घेऊन दिवसभर पऱ्हाटीत, पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, औषीद सारं तोंडावर. एक दिवस घरी आले ते डोळे चोळतच आले. दवाखाने झाले. जीव वाचला, नजर नाई वाचली. समोर मानूस उभा हाये एवढं कळते, कोन हाये ते नाई कळत. काय सांगू तुमाले. बैल विकले, वावर मक्त्यानं देल्लं, अन् मी कॉन्व्हेंट शाळेच्या पिवळ्या बसगाडीवर मावशी म्हनून लागली. लेकरं चढवा, उतरवा, कोनाले उलटी झाली तं पुसा.

गाडीवर डायवर होते चाचा. वनीकडं कोळशाचे ट्रक चालवू चालवू म्हातारे झालेले, गुडघे गेलेले. मले म्हनत, बाई, तू सीख ले, मेरे बाद कौन है. मी म्हनो, चाचा, या वयात? तं म्हने, वय गाडीले नाई समजत. शाळेच्या बारक्या व्हॅनीवर शिकवनं सुरू केलं. पयल्याच दिवशी उतारावर बकरी आली आडवी. मी काय केलं असन सांगा. दोन्ही पाय पुढं रोवले, स्टेरिंग छातीशी ओढलं अन् जोरात वरडली, हो हो हो! चाचानं हँडब्रेक ओढला म्हनून बकरी वाचली. म्हने, बाई, ब्रेक पैर में है, मुँह में नहीं. गावभर सांगत फिरला तो बुढा.

बारक्या गाडीचं लायसन झालं, वर्स गेलं, अन् चाचाचे गुडघे पुरेच बसले. शाळेच्या सरनं मले बलावलं. म्हने, शाळा उघडाच्या आत मोठ्या गाडीचं लायसन आनलं तं गाडी तुमची. नाई तं बाहेरून डायवर येऊन राह्यला, अन् त्याची बायको मावशी म्हनून येईन. म्हनजे समजलं ना? गाडी तं जाईनच, हातची हाये ते नोकरीबी जाईन. घरात कमावनारी मी येकटी.

यवतमाळले परीक्षा देली. पुढं मस्त चालवली. मंग साहेब म्हने, आता मागं घ्या, त्या बांबूच्या मधून. मी रिव्हर्स गेर टाकला अन् घेत गेली, घेत गेली. आरसा हाये, दोन्हीकून हाये, पन माहं ध्यान कानात. मले वाटे, लागाच्या आधी कोनी तरी वरडन ना. कोन वरडते तथी? बांबू कडकन मोडला. साहेब म्हने, बाई, झोपल्या का? नापास.

चाचाले सांगतलं तं ते हसले नाई या डाव. दुसऱ्या दिवशी बाजाराच्या मोकळ्या आवारात गाडी आनाले लावली, अन् माह्या मानसाले हात धरून नेलं, गाडीच्या मागं उभं केलं. त्याईले म्हने, तोंडातून आवाज नाई काढायचा. मले म्हने, चल, पीछे ले.

बाई, मी रडली. म्हनलं चाचा, त्याईले दिसत नाई, ते सरकतीन कसे? तं म्हने, त्याले नाई दिसत, तुले तं दिसते ना.

आरशात पाह्यलं. हे उभे, तोंड भलतीकडंच. सदरा खांद्यावर लोंबून राह्यला, जसा दुसऱ्याचा घातलेला. घरात रोज ताट वाढे, पन मानूस एवढा वाळला हे मले त्या दिवशी दिसलं, आरशात. बोटबोट गाडी मागं घेतली. डोळा हालवला नाई. थांबवली तवा ह्याईनं हात लांब करून पत्रा चाचपला अन् म्हनाले, का वं, झोपली का? अजून लय जागा हाये.

दुसऱ्या परीक्षेत पास झाली. शाळा उघडली त्या दिवशी एक बारकी पोट्टी चढली, इकडं तिकडं पाह्यलं, म्हने, मावशी, डायवर कुठं हाये? म्हनलं, मीच हावो वं माय. ते गेली अन् खिडकीपाशी बसली. झालं. कोनी हार आनला नाई, काई नाई.

आता वर्सं झाले त्याले. कंबर धरते, क्लच दाबू दाबू डावा पाय घरी आल्यावरबी हालत राह्यते. कापसाचं काई ठिकानावर नाई, ज्यानं वावर मक्त्यानं घेतलं तोबी सोडून देतो म्हनून राह्यला. मी काय म्हनू त्याले? थकली बाई, खरंच थकली. पन सुट्टी घेतली तं लेकराईले आनन कोन?

तुमी एवढं बसून आयकलं, तुमचं भलं होवो, तुमचे लेकरं जिथं असतीन तथून सुखानं घरी येवोत. चहा पिऊन जा, हे करतीन, त्याईले जमते आता चाचपून. मी उठते. शाळा सुटाची वेळ झाली.