तोकुजीने लपवलेली चप्पल

(हिरोशिमा. हिजियामा टेकडीच्या पायथ्याशी कोबीच्या धिरड्यांचं दुकान. जुलैतली दुपार. तव्यामागे मासाए, तव्यासमोर तिची शहाऐंशी वर्षांची आई किनुए आणि हातात कागद धरलेले, काळा कोट घातलेले कुवामोतो.)

किनुए : थांबा, थांबा. कोण म्हणालात? कोण शांत, आज्ञाधारक आणि सर्वांचा लाडका होता?

कुवामोतो : आपले धाकटे बंधू. दिवंगत तोकुजी.

किनुए : आमचा तोक्या?

मासाए : आई, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीये.

किनुए : मोठ्याने बोलायला. मी पुटपुटतेय. कुवामोतोसान, तोक्या पाच वर्षांचा होता. त्याने जन्मात एकच आज्ञा पाळली. विमानहल्ल्याचा भोंगा वाजला की भुयाराकडे पळायचं. तीसुद्धा पळायला मिळायचं म्हणून.

कुवामोतो : माफ करा, किनुएसान. सवयीचा परिणाम. तीस वर्षं अंत्यविधीच्या सभागृहात निवेदन केलं. तिथे येणारा प्रत्येक जण शांत आणि आज्ञाधारकच असतो.

मासाए : आडवा असतो ना.

कुवामोतो : एका गृहस्थांना मी 'शेजाऱ्यांचा आधार' म्हणालो, तर अर्धे शेजारी उठून बाहेर गेले. त्यांना वाटलं, चुकून दुसऱ्याच हॉलमध्ये शिरलो.

किनुए : मग माझंही तेच होईल. उद्या संग्रहालयात समितीपुढे मी मान हलवली, की बॉम्बच्या दिवसाची माझी गोष्ट पोरांना सांगायचं काम तुमच्या ताब्यात. पुढच्या महिन्यात माझ्या घशाचं ऑपरेशन. उरलेला आवाजही त्यात जाणार. त्यानंतर तोक्या राहणार तो तुमच्या तोंडी. आणि हा तुमचा आज्ञाधारक मुलगा मला रस्त्यात भेटला, तर मी त्याला ओळखणारसुद्धा नाही.

मासाए : या गोष्टीचे आधीच दोन वारसदार परत पाठवलेत हिने. पहिल्या बाई इतक्या रडायच्या की समोरची पोरं त्यांनाच रुमाल द्यायची.

किनुए : आणि दुसरे इंजिनियर. त्यांच्या गोष्टीत स्फोट होता, उष्णता होती, वाऱ्याचा वेग होता. मी नव्हते.

मासाए : तुम्ही निदान रडत नाही. त्यात जेवताही. नूडल्स घालू ना?

कुवामोतो : घाला. पण किनुएसान, मी नेमकं काय चुकवलं?

किनुए : चप्पल कुठेय?

कुवामोतो : ती... मी गाळली.

किनुए : गाळली?

कुवामोतो : दिवंगतांच्या खोड्या चारचौघांत काढणं बरं दिसत नाही. म्हणून लिहिलं, 'किनुए काही कामानिमित्त भुयारात गेली होती.'

किनुए : मासाए, ऐकलंस? सात वर्षांच्या मला कामं होती.

मासाए : कामानिमित्त! आई, तुझं तिथे ऑफिस होतं का गं?

किनुए : तो कागद इकडे द्या. सॉसची बाटली ठेवा त्याच्यावर. आता मासाए म्हणजे सहलीला आलेली सहावीची पोरगी. नुकतीच जेवलीये. करा सुरुवात.

कुवामोतो : आदरणीय उपस्थितहो, या भावपूर्ण प्रसंगी...

मासाए : (घोरते)

किनुए : बघा. पोरं अशीच झोपतात. काही तर डोळे उघडे ठेवून झोपतात, ती जास्त धोक्याची. कोट काढा आधी.

कुवामोतो : कोट?

किनुए : काढा हो. एवढ्या उकाड्यात कोट घातलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवेल? हं. बोला.

कुवामोतो : किनुएला एक भाऊ होता. तोकुजी. तो... फार... तो चोर होता.

मासाए : अगंबाई! काय चोरायचा?

कुवामोतो : आंघोळीला गेलेल्यांचे कपडे. शेजाऱ्यांच्या काकड्या. एकदा गल्लीच्या प्रमुखांचं शिरस्त्राण पळवून त्यात बेडूक पाळले होते.

किनुए : दोनच बेडूक. पण प्रमुखांनी न बघता ते डोक्यावर घातलं.

मासाए : हे मला कधी सांगितलं नाहीस!

किनुए : तुझ्यात आधीच कमी खोड्या होत्या का? तू शाळकरी पोरगी आहेस, मध्ये बोलू नकोस. पुढे.

कुवामोतो : त्या सकाळी भोंगा झाला. सगळे टेकडीतल्या भुयारात गेले. मग धोका टळल्याचा भोंगा झाला आणि सगळे बाहेर आले. किनुए घरी आली ती पायात एकच लाकडी चप्पल घालून.

मासाए : आणि दुसरी?

कुवामोतो : गर्दीत तोकुजीने काढून घेतली होती. भुयारातच कुठेतरी लपवली होती. किनुएने विचारलं, कुठेय? तो म्हणाला, फुटाणे दे, मग सांगतो.

किनुए : भाजलेले सोयाबीन. पण फुटाणे म्हणा, चालेल. आठवड्याचे होते माझे. पुरवून पुरवून खात होते.

कुवामोतो : तिने अर्धे दिले. तो म्हणाला, सगळे. तिने सगळे दिले. त्याने ते एकदम तोंडात कोंबले. त्यामुळे त्याला बोलता येईना. तो ओसरीवर बसून पाय हलवत नुसता टेकडीकडे बोट दाखवत होता आणि हसत होता. गाल असे फुगलेले.

मासाए : डॅंबिस कार्टं!

कुवामोतो : तेव्हा किनुए एका पायात चप्पल घालून परत टेकडी चढली. त्या वेळी भुयारात दुसरं कुणीच नव्हतं. धोका टळला होता ना. ती आत खोल गेली. अंधारात चाचपडत होती, आणि तोकुजी सापडला की त्याला काय काय बोलायचं ते मनात पाठ करत होती.

किनुए : हे मी तुम्हाला सांगितलं होतं?

कुवामोतो : मागच्या हिवाळ्यात. तुम्ही कोबी चिरत होता.

किनुए : हं. बोला.

कुवामोतो : चप्पल सापडली. पाण्याच्या पिंपामागे होती. ती वाकली, चप्पल पायात घातली. आणि तेवढ्यात... टेकडी हलली. नंतर ती बाहेर आली. शिव्या तिला अजून तोंडपाठ होत्या. ओसरी नव्हती. गल्ली नव्हती.

किनुए : पुढे?

कुवामोतो : पुढचं वाक्य माझ्याकडे नाही, किनुएसान. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

किनुए : नसू दे. तिथे थांबायचं. पोरांना ऐकू येतं ते.

मासाए : अरे देवा! धिरडं!

कुवामोतो : जळलं?

मासाए : कोळसा झालाय. तुम्हीच खा आता. तुमच्यामुळेच जळलंय.

कुवामोतो : खातो. एक शंका आहे. कागदावर शेवटी विश्वशांतीबद्दल अकरा ओळी आहेत. समितीला तसं काहीतरी लागेल. एखाद्या मुलाने विचारलंच, शांतता म्हणजे नक्की काय, तर?

किनुए : मला विचारलं होतं एकदा, चष्मेवाल्या एका मुलीने. मी म्हटलं, सुरू केलेलं भांडण पुरं करायला मिळणं.

मासाए : मग आपल्या घरात शांतता दुथडी भरून वाहतेय.

कुवामोतो : हे मी सांगू?

किनुए : सांगा. तुमच्या अकरा ओळी एखाद्या अंत्यविधीला उपयोगी पडतील. माझ्याच अंत्यविधीला ठेवा. तिथे म्हणा मला आज्ञाधारक. कुणी उठून गेलं तर मासाए बघून घेईल.

कुवामोतो : म्हणजे उद्या... आपण मान हलवाल?

किनुए : डॉक्टरांनी बोलायलाच बंदी केलीये. मान हलवायला नाही.

मासाए : कुवामोतोसान, रडताय की काय? तव्यावर पाणी पडलं तर तेल उडेल.

कुवामोतो : नाही, नाही. करपट धूर जातोय डोळ्यात.

किनुए : अजून एक काम. सहा ऑगस्टला संध्याकाळी गेलेल्यांसाठी नदीत कंदील सोडायचा असतो. त्याच्या कागदावर दरवर्षी मीच लिहिते. यंदा कुंचला हातात राहत नाही. तुमचं अक्षर चांगलंय.

कुवामोतो : अवश्य. काय लिहू? सगळे लिहितात तसं 'शांतता'?

किनुए : ते बाकीचे लिहितात. तुम्ही माझं दरवर्षीचंच लिहा. 'तोक्या, चप्पल मिळाली. फुटाणे परत दे.'