धरणातला मासा

मिर्वत : आई, नुसता पाव कुरतडून पोट भरतं का? तो आचारी दोनदा येऊन तुमच्या ताटात डोकावून गेला. त्याला वाटायला लागलंय, आपल्याच हाताला चव नाही.

नब्रा : त्याच्या हाताला काही झालेलं नाही. सांग त्याला, मी धरणातला मासा खात नाही.

खलील : अगं, सकाळी पकडलाय. असा ताजा मासा कैरोत बघायलासुद्धा मिळत नाही.

नब्रा : ताजा असो नाहीतर शिळा. तू खा.

मिर्वत : बघ. सहलीला आणलं तरी ह्यांचा हट्ट काही सुटत नाही. काल देवळापाशी बोट लागली, तर खाली उतरल्यासुद्धा नाहीत.

खलील : हो ना. आई, कुठकुठल्या देशांतून लोक येतात ते देऊळ बघायला. पाण्याखाली जाऊ नये म्हणून अख्खं रुळांवर ठेवून ढकलत नेलं, भिंतीवरच्या चित्रांना धक्का लागू दिला नाही. आणि तू आपली खुर्चीत बसून राहिलीस.

नब्रा : ते कसं हलवलं, सगळं ऐकलंय मी. उतरून काय बघायचं?

मिर्वत : बरं, देऊळ राहू द्या. मासा का नको ते तरी सांगा. समुद्राचा चालतो, आणि धरणाचा म्हटलं की तोंड वाकडं.

नब्रा : समुद्राचा गोड लागतो.

मिर्वत : फरक कळतो तुम्हाला?

नब्रा : न कळायला काय झालं?

मिर्वत : ऐकलंस, खलील? आता मला राहवत नाही.

खलील : मिर्वत, नको. जाऊ दे.

मिर्वत : अरे, हसतील त्या. आई, दर शुक्रवारी मी माशाचे कोफ्ते करते ना? आणि तुम्ही शेजारणीला सांगता, माझी सून खास अलेक्झांड्रियाचा, समुद्रातला मासा आणते?

नब्रा : मग?

मिर्वत : तो अलेक्झांड्रियाचा नसतोच. बाजारात बर्फ भरलेला ट्रक येतो, तो थेट इथून. ह्याच पाण्यातला मासा. लग्न होऊन मी आल्यापासून तोच खाताय तुम्ही, वर बोटं चाटताय. आई? अहो, गंमत केली मी.

नब्रा : गंमत केलीस, की खरंच घातलास?

मिर्वत : घातला खरंच. पण त्यात एवढं...

नब्रा : खलील, तुला ठाऊक होतं?

खलील : होतं. आम्हाला वाटलं, तुझी एक खोड आहे. पोटात गेल्यावर कुठे कळतंय.

(नब्रा ताट लोटून उठते आणि बोटीच्या कठड्याला धरून उभी राहते.)

खलील : आई, बस इथे.

नब्रा : तो किल्ला दिसतो तुला?

खलील : तो बेटावरचा? दिसतो की.

नब्रा : बेट नव्हतं ते. उंच कडा होता. आमच्या अंगणातून बघितलं तर मान दुखायची. आता बघ, पाण्याला टेकलाय. आमचं अनीबा गाव त्याच्या समोर, ह्या अंगाला. म्हणजे आत्ता ह्या बोटीच्या खाली.

खलील : गाव बुडालं हे मला माहीत आहे. मी जन्मलो नव्या वसाहतीत, पण घरं कशी सोडली ते बाबांकडून शंभरदा ऐकलंय.

नब्रा : घरांचं ऐकलंस. शायाचं नाही ऐकलंस.

मिर्वत : शाया कोण?

नब्रा : ह्याची मोठी बहीण.

खलील : मला बहीण नाही, आई.

नब्रा : होती. नुकती चालायला लागली होती. विंचू चावला. गावामागे माझ्या आईच्या शेजारी पुरली तिला.

खलील : मला मुलगी झाली, तेव्हा नाव काय ठेवू म्हणून मी तुला विचारलं होतं. तेव्हासुद्धा बोलली नाहीस?

नब्रा : तुझ्या बाबांना ते नाव सोसत नसे. घरात घ्यायचं नाही असं ठरलं. ते गेल्यावर जिभेला सवयच उरली नव्हती.

मिर्वत : पण कबरी हलवल्या असतील ना? देवळं एवढी हलवली...

नब्रा : देवळांसाठी जगभरातून माणसं आली, पोरी. कबरींचं आम्ही विचारलं, तर म्हणाले, जिवंत माणसांनाच बोटी पुरत नाहीत.

खलील : बहीण खाली आहे, आणि मी कालपासून इथे गाणी लावून नाचतोय.

मिर्वत : आणि मी? मी माझ्या हातानं, दर शुक्रवारी... अल्ला. आई, मला मारा, काहीतरी बोला.

नब्रा : काय बोलू? मासा तळाला चरतो. एवढी एकच गोष्ट मी सांभाळली होती. खलील, परत गेलो की मला वसाहतीतल्या घरी सोड. तुमच्यावर राग नाही माझा, पण तुमच्याकडे आता घास उतरायचा नाही.

खलील : मिर्वत, ही ताटं ने इथून. सगळी ने.

मिर्वत : नेते. पण आई, त्याआधी तिला काहीतरी देऊ या. खजूर सोडू का पाण्यात? फुलं मागू कोणाकडे? तुमच्यात काय देतात, ते सांगा.

नब्रा : आमच्यात कबरीच्या उशाशी पाण्याचं वाडगं ठेवतात, मेलेल्याला तहान लागू नये म्हणून. गाव सोडायच्या दिवशी मी नदीवरून घागर आणली आणि तिचं वाडगं काठोकाठ भरलं. म्हटलं, आता हिला पाणी कोण देणार.