साळूबाईंची जोडवी

हॅलो? … हां अश्विनी, बोल. … दुकानातच हाय, कुठं जाणार? … थांब, ट्रक चाललाय, काय कळत न्हाई. … हां, आता बोल.

कापूरहोळच्या चौकात, भोरकडं वळणाऱ्या रस्त्याला माधुरीचं स्पेअर पार्टचं दुकान. नवरा गेल्यापासून चार वर्षं ती एकटीच चालवते, आणि चांगलं चालवते. उगाच कुणी कीव करायला येऊ नये. फोन तिच्या धाकट्या बहिणीचा होता, गुंजवण्याहून. अश्विनीचे सासरे दादूतात्या गेल्याला आज आठवा दिवस. अशा घरातून फोन आला की आधी ऐकून घ्यावं, एवढं माधुरीला कळत होतं. पण ऐकून घेणं तिला कधी जमलंय?

काय? … स्प्रे? गंजाचा स्प्रे? … हाय की, डझनभर हायत. पण सुतकात काय सोडवायला काढलंय? …

हो, हो… अगं ऐक ना. कशालाबी चालतो तो. … मागं बचत गटाच्या बायकांना मीच न्हवतं का दाखवलं? नव्या पातेल्याचं लेबल निघत न्हाई, मार फवारा, जरा थांब, फडक्यानं पूस, डिंकासकट जातं. … विळीला फणसाचा चीक बसला, तोबी सुटतो. भिंतीवरच्या खडूच्या रेघोट्या, चपलेचं डांबर… हां, डांबरसुद्धा. … फकस्त भांडं मागनं साबणानं दोनदा धुवायचं, आणि चुलीजवळ डबी न्यायची न्हाई. भडका उडतो. … दाराची कडी? ते तर त्याचं रोजचंच काम. …

कडीला न्हाई? मग कशाला पायजे? … अश्विनी, आवाज असा का येतोय तुजा? … कुठं उभी हायेस? … गोठ्यामागं? … बोल, हळू बोल. येतंय ऐकू.

…कुणाची?

…साळूमावशींची जोडवी?

माधुरी दारातल्या जुन्या टायरवर बसली. साळूबाई म्हणजे अश्विनीच्या सासूबाई. तात्या गेले त्याच दिवशी बायकांनी त्यांचं मंगळसूत्र उतरवलं, बांगड्या फोडल्या. पायातली जोडवी मात्र निघाली नव्हती. जन्मभर भाताच्या खाचरात उभं राहून बोटं फुगलेली, त्यात चांदी घट्ट बसलेली. कुणीतरी म्हणालं, आज राहू द्या, दहाव्याच्या आत बघू.

बोट काळंनिळं पडलंय का? … न्हाई ना. एरवी दुखतं? … मग कोण म्हणतंय काढायची? … रतनआत्या. … हां, तात्यांच्या भैन. … साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला… रक्त आलं? … कितीदा ओढलं गं? …

आणि मावशी काय म्हणतात? … कायच न्हाई? … पाय लुगड्याखाली घेऊन बसल्यात? … कधीपासनं? … जेवायलाबी तशाच.

निघतील का म्हणून काय इचारतीस? निघतील. एक फवारा, पाच मिनिटं थांबायचं, पाय उंच धरायचा, फिरवत फिरवत वढायचं. माजी तशीच निघाली.

बोलून गेली आणि माधुरीला स्वतःचाच संताप आला. कुणी विचारलं होतं? याच दुकानात, शटर अर्धं ओढून, तिनं स्वतःच्या हातानं फवारा मारला होता. बाहेर बायका थांबल्या होत्या. तिनं दोन्ही जोडवी आणून त्यांच्या हातात दिली, तेव्हा एकीनं म्हटलंसुद्धा, बरं झालं बाई, त्रास न्हाई झाला.

न्हाई, रडत न्हाई मी. ऐक. डबी देत न्हाई. … सोमनाथला पाठवू नकोस, तुजा नवरा असला तरी हात हलवत परत जाईल. … सांग घरात, माधुरीताई म्हणाली, ते आता निघायचं न्हाई, हात लावू नका. … खोटं तर खोटं. …

काय? … वेल्ह्याहून सोनार? … कातर घेऊन? … उद्या सकाळीच?

खोटं तिथंच संपलं. चिमट्यात बोट धरून चांदी कापणार, म्हणजे आता बोलावंच लागणार होतं.

मावशींना फोन दे. … दे गं, मी बगते.

…मावशी, माधुरी बोलतीय. … तुमी बोलू नका हवं तर. नुसतं व्हय का न्हाई म्हणा. ती जोडवी काढावी असं तुमाला वाटतं का? … …घाई न्हाई, मावशी. …

…न्हाई वाटत. … बरं. … काय म्हणता? … खाचरात पडलं हुतं एक? … आणि तात्यांनी? … दोन दिवस चिखल चाळला? … सापडल्यावर सोनाराकडनं दोन्ही घट्ट करून आणली. परत पडू नये म्हणून. … त्यामुळंच निघत न्हाईत, व्हय. … कळलं मला. सगळं कळलं. पाय दुमडून बसू नका आता, मुंग्या येतील. रतनआत्यांना द्या फोन.

…आत्या, पाया पडते. … व्हय, कापूरहोळची माधुरी. … न्हाई आत्या, डबी आणत न्हाई. … तुमी मोठ्या, रीत तुमाला ठावं. मला माजं सांगायचंय. माजी जोडवी या स्प्रेनंच काढली. इतकी सहज निघाली की कुणाला काय वाटलंच न्हाई. … मला वाटलं, आत्या. अजून वाटतं. अंघोळीला बसले की पायाकडं बगवत न्हाई. … म्हणू द्या लोकांना. …

आत्या, तुमची कुणी काढली?

…

…किती वर्षांच्या हुता? … तेवीस. … आणि पाय धरला कुणी? … आईनंच. …

तात्या कुठं हुते तवा? … बगवलं न्हाई त्यांना. … रानात जाऊन बसले… दिवे लागले तरी आले न्हाईत. …

हाय, हाय मी. ठेवला न्हाई फोन. …

काय म्हणालात? … राहू दे? … मला नका सांगू. तिकडं तोंड करा आणि मावशींना सांगा. … जवळ जाऊन सांगा. सोनाराला सोमनाथ कळवंल.

पलीकडं फोन कुठंतरी ठेवला गेला आणि चालूच राहिला. रतनबाई काय बोलल्या ते नीट कळलं नाही. मग दोघी म्हाताऱ्या रडू लागल्या, आणि कोणती कोण ते माधुरीला ओळखता येईना. एक गिऱ्हाईक ब्रेक ऑइल मागत उभं होतं, त्याला तिनं हातानंच थांबवलं. पलीकडचं रडणं जरा निवलं, तेव्हा तिनं आपणच फोन बंद केला.