सेनापतीचं बक्कल

आमच्या एकांकिकेतल्या सेनापतीचा पट्टा मी शिवला, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्याच्या बक्कलाचं ऐकलं नाहीत. दिग्दर्शक निनाद म्हणालेला, "पुठ्ठ्याला सोनेरी कागद लाव. लांबून कोणाला कळतंय?"

"मला कळतं ना!"

मग मी खरं चामडं आणलं, आठवडाभर टाके घातले आणि पितळी बक्कल डोंबिवलीत भांड्यांवर नावं घालणाऱ्या काकांकडे दिलं. म्हटलं, यावर सूर्य कोरा.

प्रयोगाच्या सकाळी आणायला गेले. सूर्य झकास होता. खाली काकांनी सवयीने कोरलेलं, 'सप्रेम भेट'.

"काका, हे काय?"

"तू नाव सांगितलं नाहीस ना, म्हणून तेवढी जागा मोकळी ठेवलीय."

ठाण्याच्या नाट्यगृहात निनाद ओरडला, "अगं, पहिल्या रांगेला वाचता येईल! वरून कागद चिकटव."

"आता लांबून कळायला लागलं का रे?" मी पट्टा तसाच सेनापतीच्या कमरेला बांधला.

प्रयोगानंतर स्पर्धेचे परीक्षक आत आले. त्यांनी पट्टा उलटसुलट पाहिला, चष्मा लावून बक्कल वाचलं.

"काम अस्सल आहे. भेट कोणाकडून?"

निनाद लगेच पुढे. "आमच्या ग्रुपकडून, सर."

"ग्रुपने कागद सुचवलेला, सर," मी म्हटलं. "पट्टा माझ्याकडून."