मागं नांगर नसताना

पळण्याचं मला सांगू नका, त्यातच माझी पलटण हुकली. चीनच्या लढाईनंतर महाडला भरती होती, म्हणून पोलादपुराहून गेलो. दोन रेघांच्या मधे सारखं जा-ये पळायचं होतं. सरळ पळताना मी सगळ्यांच्या पुढं. पण रेघ आली की बाकीचे जागच्या जागी गर्रकन फिरायचे, आणि मी बांधाशी नांगर वळवावा तसा लांबून फेरा मारून यायचो. लहानपणापासून बैलांमागं चाललेले पाय, दुसरं काय करणार?

हवालदार म्हणाला, “मागं नांगर बांधलाय काय रे?” आणि मला काढून टाकलं.

घरी आलो तर बाबा बैलांना पेंढा घालत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तू कशाला गेलास? ह्या बैलांना धाडायचं व्हतं. तुझ्यापरीस आखूड वळतात.”