वायरीवरचे टिपके

(अड्याळ. घरासमोरचं अंगण, सकाळचं ऊन. व्हॅनची पुढची सीट उचललेली, खाली इंजिन उघडं. इश्वर आणि त्याची सून रुपा.)

रुपा : तिन्ही वायरी एकदमच उपटल्या का जी मामाजी?

इश्वर : तं का मग? प्लग बदलवाचे म्हणजे वायरी काढाच लागतेत. हे प्लग पाय, कसे काजळीनं भरले. मंग गाडी स्टार्ट कशी घेईन?

रुपा : एक वायर काढाची, एक प्लग बदलवाचा, वायर परत लावाची. मंग दुसरी. दरवेळी सांगत होते ना ते.

इश्वर : निकेश तुले सांगे. मले कुठी हात लावू दे? म्हणे, बाबा तुम्ही दूरच राहा, तुमचा हात बैलाचा आहे.

रुपा : राहू द्या, निशाण्या आहेत त्यायच्या. समोरच्या प्लगच्या वायरीले एक टिपका, मधच्या वायरीले दोन, मागच्या वायरीले तीन. माह्याच लग्नातल्या नेलपॉलिशचे. बाटली अर्धी केली म्हणून मी किती भांडली होती. दाखवा इकडं वायरी.

इश्वर : घे.

रुपा : कुठी आहेत टिपके?

इश्वर : लाल होते का?

रुपा : लालच. काहून?

इश्वर : ते निशाण होतं का वं? मले वाटलं, कुठचा रंग उडाला असन. काल दिवसभर गाडीच घासून राहिलो होतो ना मी. आतून, बाहेरून, इंजिन, वायरी, सगळ्याले थिनर मारलं. म्हटलं, पोरगी नव्या सासरी, करडीले जाईन तं गाडी चमकली पायजे.

रुपा : थिनरनं पुसले.

इश्वर : रुपा. ए बाई. असी खाली नको बसू वं. मले मार पायजे तं, पण असी नको बसू.

रुपा : फोटो आहे त्यायचा, कपडे आहेत, घड्याळ आहे. पण हे त्यायनं माह्यासाठी केलं होतं जी. म्हणे, मी कधी नसलो आन गाडी बिघडली, तं तुले समजलं पायजे. मी हासली होती. म्हटलं, तुम्ही कुठी जाऊन राहिले?

इश्वर : तीन दिवसांचा ताप. कोणाले मालूम होतं.

रुपा : राहू द्या गाडी, मामाजी. करडीचे लोक जीप आणतो म्हणत होते. अंधार पडल्यावर नेतीन. विधवेचा पाट लागला का ती तसीच जाते.

इश्वर : माह्या घरून नाही जाणार. चंद्रकलाबाईचा, माह्या मोठ्या बहिणीचा पाट लागला तवा मी बारा वर्षांचा होतो. मागच्या दारानं काढली तिले, तोंडावर पदर ओढून. सवाशिणीनं तोंड पाहू नये म्हणे तिचं. तिले पायरी दिसावी म्हणून मी दिवा धरला, तं आमच्या बापानं, आबानं तो विझवाले लावला. ठेचकाळली ना बाई तिथी. तो आवाज अजून जात नाही कानातून. तू समोरच्या दारानं जाशीन. चार वाजता, उन्हात, निकेशच्या गाडीत. मी चालवीन.

रुपा : आन आत्याबाई? पंधरा दिवस झाले, एक शब्द नाही. ताट वाढतेत आन तोंड फिरवतेत.

इश्वर : निकेशची माय आहे ती, तिच्या जागी बरोबर आहे. पोरगा गेला, आता सून चालली. करडीच्या धनंजयले हो मीच म्हटलं, त्याच्या लहान्या पोरीले, राखीले मीच पाहून आलो. ते लेकरू माह्या बोटाले धरून हिंडलं दिवसभर. घरी येऊन सांगतलं, तं बेबी म्हणते, तुम्ही सून नाही देऊन राहिले, निकेशचं शेवटचं माणूस देऊन राहिले.

रुपा : मी नाही म्हणू का? अजूनही म्हणते मी.

इश्वर : नको म्हणू. मी म्हातारा आहो, बेबी म्हातारी आहे. आमच्यामागं तू एकटी या अंगणात कोणाची वाट पाहशीन? ऊठ. प्लग लाव.

रुपा : द्या इकडं. आधी हातानंच फिरवाचा, पाना नका लावू. आटे मरतेत. नवे प्लग कवाचे हो हे?

इश्वर : त्याचेच. डब्यात होते, कागदात बांधलेले. ताप आला त्याच हप्त्यात बदलवाचे होते त्याले.

रुपा : लांब वायर समोरच्या प्लगची. त्यात तं चूक नाही. या दोन मात्र सारख्याच दिसतेत. लावल्या अंदाजानं. चाबी फिरवा.

इश्वर : फटाकाच वाजला वं. धूर पाय कसा.

रुपा : बंद करा. दोन्ही उलट्या लागल्या. हां, आता फिरवा.

इश्वर : घेतलं बापा गाडीनं. ऐक.

रुपा : तसाच आवाज.

इश्वर : सकाळी साडेसहाले हा आवाज आला, की समजाचं, पोरगा भंडाऱ्याच्या सवाऱ्या घ्याले निघाला. मी पांघरुणातूनच ऐको. कधी उठून पाहिलं नाही वं मी त्याले जाताना. रोजचंच आहे म्हणो.

रुपा : बंद करा, मामाजी. मले नाही ऐकवत.

इश्वर : केली.

रुपा : आता नीट पाहून ठेवा. मधची वायर ही, मागची ही. मी नसन सांगाले.

इश्वर : माह्या लक्षात नाही राहात. तू निशाणी करून जा.

रुपा : कायनं करू? ती बाटली तं कवाची सुकली असन.

बेबीबाई : घट्ट झाली होती. दोन थेंब थिनर टाकलं.

रुपा : आत्याबाई. तुम्ही कवा आल्या?

बेबीबाई : यायनं टिपके पुसले म्हटलं, तवाच आली होती दारात. बाटली माह्या पेटीत होती. निकेशच्या पान्याच्या डब्यातून काढून ठेवली होती मी. त्याचं बोट लागलं आहे झाकणाले.

रुपा : द्या. लावते वायरीले.

बेबीबाई : वायरीले मंग लाव. हात दे.

रुपा : काळा आहे जी हात. सारी काजळी आहे.

बेबीबाई : पुस त्या फडक्याले. नवरीचे हात असे राहतेत का?

इश्वर : बेबी, चार वाजता निघा लागते.

बेबीबाई : मालूम आहे मले. रुपा, हात नको हलवू. वाळू दे नखं. तोवर कुठी जाऊ नको.