दोन पानं ठेवून

जालना यायच्या आतच काकांनी झाडाचं शेवटचं पान खुडलं. हे मी सांगितलंच नाही असं समजा. बस अजून घनसावंगीच्या स्टँडवरच उभी आहे. माझ्या पुढच्या सीटवर तहसीलमधले रिटायर्ड क्लार्क भालचंद्रकाका मांडीवर कुंडी घेऊन बसलेत, शेजारी भुजंगमामा शेतकरी.

"साहेब, मिरचीचं रोप हाय व्हय?"

"जपानी मेपल. बोन्साय. बारा वर्षांचं आहे."

"बारा वर्षांत एवढंच? खत घाला की!"

"लहानच ठेवायचं असतं. कोंब आला की दोन पानं ठेवून शेंडा खुडायचा. मग फांद्या जवळजवळ, दाट येतात."

"शेंडा तर आम्ही कपाशीचा बी खुडतो. पण आम्हाला बोंडं मिळतात. तुम्हाला काय मिळतं?"

"मुलीचा फोन. गंधाली कॅनडात असते, झाड तिचंच. कोंबाचा फोटो पाठवला की लगेच फोन करून सांगते, कुठं खुडायचं."

"आन् एरवी?"

"एरवी बिझी असते."

"बरं चाललंय की मंग."

"परवा म्हणाली, बाबा, झाड आता हवं तसं दाट झालं. वर्षभर कात्री लावू नका."

"मंग याला घेऊन कुठं चाललात?"

"जालन्याच्या नर्सरीत विचारायला. सगळीच पानं खुडली तर कोंब लवकर येतात का."

"समदी? या उन्हात? आवो, मरंल ना झाड!"

"मेलं तरी तिचा फोन येईलच."

भुजंगमामांनी खांद्यावरचं उपरणं काढून झाडावर सावली धरली.

"बत्तीस वर्षं लोकांचे अर्ज घेतले, भुजंगराव. आज एक करावा म्हणतो."

"कुणाकडं?"

"ते कोरं ठेवू. 'सदर मेपलास दर आठवड्यास किमान एक कोंब चुकीच्या जागी फुटण्याची मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.'"